बंदूक वाजेपर्यंत

"जर्सीचा खालचा काठ धर दोन्ही हातांनी. झोळी कर," वहिनी म्हणाली.

मी बाकावर बसले होते. एक बूट पायात, एक हातात. "काय?"

"झोळी कर म्हटलं. अशी बावळटासारखी बघू नकोस."

'बघू नकोस' असं मला म्हणणारी ती जगात एकटीच. बाकीचे लोक माझ्यासमोर 'दिसतं', 'बघ' असले शब्द आवंढ्यासारखे गिळतात आणि मग उगीच खोकतात. वहिनीला असली मखलाशी जमायची नाही. मी झोळी केली. तिच्यात मूठभर तांदूळ पडले, मग घडी घातलेलं खणाचं कापड, आणि वरून एक नारळ असा आदळला की मांडीवर काळंनिळं झालं असणार.

"वहिनी, ही ओटी आहे."

"मग काय भाजीबाजार वाटला?"

"पण आत्ता? अर्ध्या तासात फायनल आहे. आणि हा नारळ ट्रॅकवर फोडायचा ना? दादानं त्यासाठी आणलाय."

"तुझा दादा दुसरा आणील. दुकानं काय ओस पडलीत?" तिनं माझ्या कपाळाला बोट टेकवलं. "गप बस जरा."

मी गप बसले, पण डोक्यात भुंगा सुरू झाला. बत्तीस वर्षांची होते मी, आणि तोवर माझी ओटी कुणी भरली नव्हती. ओटी भरतात सवाष्णीची, नाहीतर सासरी निघालेल्या पोरीची. मी दोन्हींतली नव्हते. नवरात्रात घरी बायका यायच्या तेव्हा आई मला आतल्या खोलीत रेडिओ लावून द्यायची. कुणाची पंचाईत नको म्हणून. आणि इथं, पुण्याबाहेरच्या त्या सायकलच्या मैदानात, ओल्या टॉवेलांचा वास मारणाऱ्या खोलीत, गुडघ्यावरच्या चड्डीत माझी ओटी भरली जात होती. मला हसू आलं. ओटी आत्ताच का, ते मात्र काही केल्या कळेना.

मी उज्ज्वला लाड, पलूसची. डोळे अकराव्या वर्षी गेले. आता उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा ही म्हण माझ्यावरूनच पडली असणार अशी लहानपणी माझी खात्री होती. शैलावहिनी ही माझ्या थोरल्या भावाची, म्हणजे रमाकांतदादाची बायको. ती सांगलीची. तिच्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं आणि लग्नाआधी ती रस्त्यावरच्या शर्यती मारायची. नुसती मारायची नाही, जिंकायची. माहेरच्या भिंतीवर तिच्या ढाली होत्या. लग्न ठरल्यावर बाबा म्हणाले, "लाडांच्या सुना सायकली मारत फिरत नाहीत." विषय संपला. पुढची बारा वर्षं आमच्या घरात तिनं सायकलचं नाव काढलं नाही.

मग मिरजेच्या अंधशाळेतले शिंगटे सर एक दिवस आमच्या सोप्यात येऊन बसले. दोघांनी चालवायची लांब सायकल असते, म्हणाले, पुढं डोळस पायलट, मागं अंध खेळाडू. मुलीच्या मांड्यांत दम आहे, पण पुढं बसायला कुणी बाई मिळत नाही. बाबांनी हं हं केलं. दादानं चहा सांगितला. आणि चहा घेऊन आलेली वहिनी कपबशा खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "मी बसते."

नाही तरी कसं म्हणणार? आंधळ्या नणंदेसाठी भावजय झिजायला तयार आहे, आणि सासरा नको म्हणतो, हे गावात कळलं तर? बाबांनी परवानगी दिली. वर्षभरानं बाबा वारले तोवर वहिनी अर्ध्या चड्डीत तासगाव रस्त्यावर पहाटे दिसते याची गावाला सवय झाली होती. "वहिनी असावी तर अशी," बायका म्हणायच्या. "पुण्य लागेल हो तुम्हाला." वहिनी त्यावर मला नुसतं 'चल' म्हणायची. दादा मात्र छाती फुगवून सांगायचा, "आमच्या हिचं मन मोठं. उज्जूसाठी करते सगळं."

त्या सायकलला दोघींची पायडलं एकाच साखळीनं बांधलेली असतात. ट्रॅकवरच्या सायकलला ब्रेक नसतो आणि पायडल थांबत नाही. चाक फिरतंय तोवर पाय फिरलेच पाहिजेत. त्यामुळं वहिनीच्या मनातलं मला तिच्या तोंडाआधी पायांतून कळायचं. दादाशी वाजलं असेल तर पायडल टणक लागायचं. सांगलीहून फोन आला असेल तर ते आपोआप हलकं व्हायचं. आणखी एक गंमत. घरात मी तिला अहोजाहो करायचे, पण सायकलीवर बसलं की 'तू'. पन्नाशीच्या वेगानं वळण येतं तेव्हा 'तुम्ही सांभाळा' म्हणायला सवड नसते. उतरलं की पुन्हा 'तुम्ही'. आम्ही हे ठरवलं नव्हतं, तसं पडून गेलं.

तर त्या दिवशी फायनल होती पाठलागाच्या शर्यतीची. आम्ही आणि बेळगावची जोडी. ही शर्यत दादाला शेवटपर्यंत समजली नाही. दोन जोड्या रिंगणाच्या समोरासमोरच्या बाजूंनी एकदम सुटतात. नऊ चकरा. ज्यांच्या आधी पुऱ्या होतील ते जिंकले. पण त्याआधीच एका जोडीनं मागून येऊन दुसरीला गाठलं, तर तिथंच बंदूक वाजते आणि खेळ खलास.

"म्हणजे आपण त्यांच्या मागं, का ते आपल्या मागं?" दादानं विचारलं होतं.

"दोन्ही," सर म्हणाले.

"असं कसं? एक काहीतरी असंल की."

"रिंगण आहे, रमाकांतराव. ज्याच्या मागं तुम्ही, तोच तुमच्या मागं."

दादानं दोनदा 'मागं, मागं' असं पुटपुटून पाहिलं. मग म्हणाला, "आमच्या घरासारखंच झालं हे."

जिंकणाऱ्या जोडीतली अंध मुलगी पतियाळाच्या राष्ट्रीय शिबिरात जाणार होती. एकच जागा. पतियाळातून पुढं परदेशचे सामने. मला जायचं होतं. जीव तोडून जायचं होतं. आमच्या घरात कुणी मला वाईट वागवलं नाही, पण रोज रात्री जेवण झाल्यावर हमखास निघणारा एक विषय होता, 'उज्जूचं पुढं कसं होणार'. डोळे गेल्यापासून एकवीस वर्षं मी तो विषय होते. कुठंतरी जाऊन मला माणूस व्हायचं होतं. वहिनीला हे माहीत होतं. दुसऱ्या कुणाला मी सांगितलंच नव्हतं.

ओटीतले तांदूळ वहिनीनं माझ्या पिशवीत बांधले, नारळ वर ठेवला. मग मला ट्रॅकवर नेलं. नेहमी ती मला थेट सायकलीपाशी उभं करायची. त्या दिवशी तिनं मला वळणावर नेऊन माझा तळहात चढाच्या सिमेंटवर टेकवला.

"तापलंय," मी म्हणाले.

"हं."

"काय बघायचंय यात?"

"काही नाही. चल."

शिंगटे सर आले. त्यांचा आवाज माझ्या डोक्यावरून वहिनीकडं गेला. "सांगितलंत का?"

"नंतर," वहिनी म्हणाली.

"काय सांगायचंय?" मी विचारलं.

"काही नाही गं. पट्टे आवळते तुझे." ती खाली वाकली आणि माझ्या बुटांवरचे पायडलाचे पट्टे तिनं दोन-दोनदा आवळले. त्या दिवशी जो तो मला 'काही नाही' सांगत होता. आंधळ्याला 'काही नाही' म्हटलं की तिथं हमखास काहीतरी असतं.

आम्ही बसलो. मागून एका माणसानं सायकल धरली. भोंग्यावरचा निवेदक म्हणाला, "पलूसच्या लाड भगिनी!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी पुटपुटली, "भगिनी म्हणे." एरवी आम्ही दोघी खिदळलो असतो. मग यंत्राचे टुक टुक आवाज, आणि बंदूक.

पहिली अर्धी चकर अंगावर येते. साखळी ओढता ओढत नाही, मांड्या पेटतात, मग एकदम सायकल सुटते आणि वारा कानात शिरतो. "वळण," वहिनी म्हणाली. वळणावर अंग सीटवर दाबलं जातं. "सरळ." सरळपट्टीवर सिमेंटचा एक उखडलेला जोड होता, तिथं चाक टक्‌ करायचं. त्यापुढं लगेच कुंपणाला टेकलेला दादा. त्या टकवर मी चकरा मोजत होते.

टक्‌. "हाण उज्जू! शैला, हाण!" माझा भाऊ चारचौघांत बायकोला नावानं हाक मारत होता. घरी 'अगं' आणि 'ऐकलंस का'च्या पुढं त्याची मजल नव्हती.

तिसऱ्या चकरेला आमचा ताल लागला. असा ताल त्याआधी कधी लागला नव्हता. वहिनीचे पाय आणि माझे पाय वेगळे राहिले नाहीत. श्वास एकदम आत, एकदम बाहेर. ती "ओढ" म्हणायच्या आधीच मी ओढत होते. चौथ्या चकरेला सर ओरडले, "जवळ आलात!" पाचव्याला मला बेळगावच्या टायरची घरघर समोरून ऐकू यायला लागली. सहाव्याला त्यांच्या पायलटचा घशातून येणारा श्वासही.

"किती?" मी ओरडले.

"बारा-पंधरा हात."

"गाठू!"

टक्‌. सहा झाल्या. सर कुंपणावर चढले असावेत, आवाज वरून आला. "घ्या! आत्ताच घ्या! पुढच्या वळणाला!"

मी सगळं बळ लावलं. आणि पायडल टणक झालं.

आधी मला कळेचना. वाटलं चाक बसलं. "पंक्चर?"

"नाही."

"साखळी?"

"नाही. चालव."

पण मी चालवत होते आणि सायकल चालत नव्हती. मी खाली दाबायचे, खालून कुणीतरी वर लोटायचं. ब्रेक नसलेली सायकल थांबवायची एकच रीत असते, पाय उलटे रेटायचे. वहिनी उलटं रेटत होती.

"तू धरतीयस!"

"वळण."

"वहिनी, सोड की! समोर आहेत त्या!"

"सांगते नंतर."

"नंतर काय सांगतीस? सोड!"

बेळगावची घरघर पुढं सरकत चालली होती. बारा हातांची वीस झाली, वीसची तीस. माझ्या डोक्यात एकच प्रश्न गरगरत होता, का? दमली म्हणावं तर पाय दमलेले नव्हते. दमलेला पाय मला कळतो, तो मधेच पोकळ पडतो. हे पाय भरलेले होते आणि शांतपणे धरून होते. मला पहिल्यांदाच त्या पायांतून काही वाचता येईना. मला रडू आलं. मी रागानं दातओठ खाऊन खाली लोटलं, तिनं धरलं, मी पुन्हा लोटलं, आणि त्या झटापटीत माझ्या डाव्या पायाचा पट्टा बकलातून सटकला.

पाय सुटला. पायडल काही थांबत नाही. ते फिरून आलं आणि नडगीवर बसलं.

"आई गं! पाय सुटला माझा!"

मग वहिनीचा असा आवाज आला की मी तो पुन्हा कधी ऐकला नाही. "पाय वर घे! वर! मधल्या नळीवर ठेव. उजव्यानं ओढ फक्त. उज्जू, घाबरू नकोस, मी आहे."

आणि तिनं धरलेलं सगळं सोडून दिलं. सायकल अशी उसळली की मी मागं फेकली गेले. मी एका पायानं ओढत होते, दुसरा लोंबकळू नये म्हणून नळीवर दाबून धरला होता. वहिनी दोघींचं चालवत होती. तिच्या तोंडून प्रत्येक फेऱ्याला कण्हल्यासारखा आवाज येत होता. टक्‌. "अगं काय चाललंय!" दादा बोंबलत होता. "अगं कुणाच्या मागं कोण!" पलीकडच्या बाजूला बेळगावकरांचा गलका वाढला. आमची अर्ध्या चकरेची आघाडी विरत चालली होती, त्यांना आशा दिसली होती. टक्‌. शेवटची चकर. वळण, सरळ, वळण. आता ती शब्द बोलत नव्हती, मी अंगानंच ओळखत होते.

बंदूक वाजली. लगेच दुसरी वाजली. जवळजवळ जोडूनच.

एक आमची होती, एक त्यांची. कुठली कुठली?

"कोण आलं?"

"माहीत नाही," वहिनी धापा टाकत म्हणाली.

"मग थांब की."

"थांबते."

पण थांबली नाही. वेग उतरवायला एखादी चकर लागतेच. ती एक झाली, दोन झाल्या. तिसऱ्या चकरेला पंचांनी शिट्टी मारली. "वहिनी, शिट्टी." "ऐकलं." चौथीही झाली. संथ, अगदी अलगद, पायडल लोण्यासारखं मऊ. शेवटी शिंगटे सर आडवे येऊन उभे राहिले असावेत, कारण कुणीतरी हॅण्डल धरून सायकल थांबवली.

"शैलाताई, शुद्धीवर आहात का? पुढ्यात होत्या त्या! हात लांबवला असता तर लागल्या असत्या. का सोडलंत?"

"दम लागला, सर."

"दम? मग नंतर पोरीला एका पायावर ओढत कोण आलं?"

वहिनी खाली वाकून माझ्या उजव्या पायाचा पट्टा सोडू लागली. ती खोटं बोलत होती हे तिच्या पायांवरून ओळखणारी मी एकटी होते, आणि खरं काय ते मलाही माहीत नव्हतं.

पंच बसले. त्यांच्या यंत्राच्या चिठ्ठ्या निघाल्या, पुन्हा तपासल्या. माझ्या नडगीतून रक्त ठिबकत होतं, तिथं दादा रुमाल बांधत होता आणि बडबडत होता. "नारळ कुठाय? नारळ फोडला नाही म्हणून झालं हे सगळं. मी आणून दिलेला नारळ गेला कुठं?"

"माझ्या पिशवीत आहे," मी म्हणाले.

"पिशवीत? पिशवीत काय करतोय?"

तेवढ्यात भोंगा खरखरला. लाड भगिनी जिंकल्या. फरक एवढा थोडा की निवेदकानं तो दोनदा वाचला. दादानं आधी मला मिठी मारली, मग सगळ्यांदेखत वहिनीला, आणि लहान पोरासारखा रडला. वहिनी म्हणाली, "अहो, लोक बघतायत."

मला आनंद झाला का? झाला असावा. पण तो पुरता पोचायच्या आतच सर माझ्या शेजारी येऊन बसले.

"आठवड्याच्या आत निघायचं. तिथं तुझी पायलट ठरलीय. सुखविंदर नाव. एकवीस वर्षांची आहे, पाय म्हणजे लोखंड."

"आणि वहिनी?"

"शिबिराचे पायलट शिबिरच देतं, उज्ज्वला. काल संध्याकाळीच मी शैलाताईंना सांगितलं. म्हटलं तुम्हीच सांगा, माझ्या तोंडून बरं वाटणार नाही."

माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. निदान मला तसं वाटलं. तिला काल कळलं. आज आम्ही जिंकलो तर मी जाणार आणि ती राहणार. म्हणून तिनं धरलं. माझ्या वहिनीनं, जिच्या पुण्याचे पाढे गाव वाचत होतं तिनं, मला हरवायचा प्रयत्न केला. एवढं सरळ होतं ते. मग पाय सुटला तेव्हा जिवाचं रान का केलं तिनं? मला इजा झाली म्हणून घाबरली असेल. असेल बाई. पण मग ओटी? जिला जाऊ द्यायचं नाही तिची ओटी कुणी भरतं का? इथं येऊन माझं गणित दर वेळी चुकायचं.

परतीच्या जीपमध्ये आम्ही शेजारी बसलो. कऱ्हाडपर्यंत दादा एकटाच बोलत होता. पिशवी माझ्या मांडीवर होती आणि तिच्यातला नारळ दर खड्ड्याला टोचत होता. खिडकीतून भिरकावून द्यावा असं शंभरदा मनात आलं. पण ओटीतला नारळ फेकत नाहीत.

"पाय दुखतोय का?" वहिनीनं विचारलं.

"नाही. तुम्ही झोपा," मी म्हणाले.

पतियाळाला गेले. सुखविंदर चांगली होती, पाय खरंच लोखंड होते. लोखंडातून काही ऐकू येत नाही, एवढंच. तिच्याबरोबर मी पुष्कळ वर्षं खेळले, दोन परदेश पाहिले, म्हणजे हुंगले, एक कांस्यपदक आणलं. 'उज्जूचं कसं होणार' हा विषय घरात बंद झाला. गुडघा गेल्यावर परत आले आणि मिरजेच्या अंधशाळेत खेळाची शिक्षिका झाले. आमची जुनी सायकल दादानं त्याच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात छताला टांगली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवू लागला. वहिनी पुन्हा सायकलीवर बसली नाही. मी एकदा फोनवर सहज विचारलं तर दादाच म्हणाला, "आता कुणासाठी बसणार ती? तू तिकडं गेलीस की." जशी काही सायकल हे माझ्या दुखण्यावरचं पथ्य होतं.

आणि तो प्रश्न माझ्यात तसाच राहिला. वहिनीशी बोलणं होतं, येणंजाणं होतं, दिवाळीला ती मला उटणं लावायची. पण मनात एक खडा होता. पाय टाकला की टोचायचा.

परवा, म्हणजे मागच्या रविवारी, मी पलूसला गेले होते. दुपारची वेळ, दादा दुकानात. वहिनी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. आता तिची साठी जवळ आलीय, गुडघे माझ्यापेक्षा जास्त वाजतात. मी शाळेतल्या दोन मुलींबद्दल सांगत होते. त्यांना पाठलागाच्या शर्यतीसाठी तयार करतेय, म्हणाले, एक फार हुशार आहे, समोरच्याला वास काढत गाठते.

वहिनीचे हात थांबले. देठ मोडल्याचा आवाज बंद झाला.

"गाठायला शिकवतीयस होय त्यांना?" ती म्हणाली.

"मग? गाठायचीच शर्यत आहे ती."

"हं."

त्या 'हं'मध्ये काय होतं कोण जाणे. माझ्या तोंडून इतक्या वर्षांचं एकदम बाहेर पडलं. "तू का धरलीस गं त्या दिवशी?"

तू म्हटलं मी. स्वयंपाकघरात, जमिनीवर बसून. तिच्या लक्षात आलं असणार.

"इतकी वर्षं लागली तुला विचारायला?"

"मी जाऊ नये म्हणून धरलीस ना? खरं सांग. आता मला राग यायचा नाही."

"जाऊ नये म्हणून?" वहिनीच्या आवाजात खरोखरच आश्चर्य होतं. "अगं, तुला जाऊ द्यायचं नसतं तर ओटी कशाला भरली असती मी? तुझ्या भावाचा नारळ चोरून?"

"तेच तर मला कळत नाही! म्हणून तर विचारतेय."

बाहेर कुणीतरी मोटार चालू करून पाणी चढवत होतं.

"तू जाणार हे मी धरलंच होतं. त्या दिवशी पळालो तशा आपण आधी कधी पळालो नव्हतो. कधीच नव्हतो. मी आदल्या रात्री ठरवलं होतं, नऊ चकरा आहेत, नऊच्या नऊ मन भरून मारायच्या. मग पुढं नाही मिळाल्या तरी चालेल. आणि सहाव्यालाच त्या पुढ्यात आल्या." तिनं श्वास घेतला. "गाठलं असतं की बंदूक वाजली असती गं. संपलं असतं. माझ्या तीन चकरा राहिल्या होत्या."

"तीन चकरा?" मी म्हणाले.

"आपण जवळजवळ अर्धी चकर पुढंच होतो, हरत नव्हतो. मला वाटलं थोडं धरावं, अंतर राखावं, आणि नऊ पुऱ्या करून जिंकावं. कुणाचं काय जातंय? तुझा पट्टा सुटेल हे कुठं माहीत होतं? तू ओरडलीस तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं मला."

"नंतर मारल्यास की चार," मी कशीबशी म्हणाले. "पंच शिट्ट्या मारत होते तरी."

"त्या धरत नाहीत," वहिनी म्हणाली. "बंदूक वाजल्यावर नुसती चाकं फिरतात."

इतकी वर्षं तिचे पाय मला वाचता येतात अशा तोऱ्यात मी होते. तिच्या पायांतून मी माझंच वाचत आले होते. ती सायकल तिलाही हवी होती, एवढी साधी गोष्ट कुणाच्या मनात आली नाही. गावाच्या नाही, दादाच्या नाही, माझ्या तर नाहीच नाही. मला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की माझी जीभ जे करते तेच तिनं केलं, ती भांडायला उठली.

"मला सांगायचंस की तेव्हा. पुढून नुसतं ओरडायचंस. मीही धरलं असतं. दोघींनी मिळून हळू मारल्या असत्या तीन चकरा."

"तू?" वहिनी हसली. त्या हसण्यात राग नव्हता. "तू नसतं धरलंस, उज्जू."

पुन्हा देठ मोडायला लागले. मी खूप विचार केला. बारा हातांवर बेळगाव, पुढं पतियाळा, आणि माझ्या पुढ्यात बसलेली एक बाई म्हणतेय, थांब जरा, माझ्या तीन राहिल्यात.

"नाही," मी म्हणाले. "नसतंच धरलं."

हात पुढं करून मी चाचपडत मेथीची अर्धी जुडी माझ्याकडं ओढून घेतली.